हवेला पैसे पडत नाहीत

कार्बनची रोड बाईक विकणारा तिच्याबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी एका दमात सांगतो. पायडल मारताना ती तसूभर वाकत नाही आणि खड्ड्यातून जाताना छान लवते. जावई शोधताना लोक नेमकं हेच मागतात: बाहेर खमका, घरात नरम. असा जावई कुणाला मिळाला का, ते सासरे जाणोत. सायकलीचा दावा मात्र अगदीच खोटा नाही. कार्बनचे धागे ज्या दिशेने अंथरावेत त्या दिशेला ताठपणा येतो. त्यामुळे पायडलपाशी दणकट थर आणि सीटखाली बारीक नळ्या असा पंक्तिप्रपंच करता येतो. धागे धरून ठेवणारं रेझिनही थोडी थरथर गिळतं.

थोडीच, आणि मेख तिथेच आहे. फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण, आणि त्रिकोणाला वाकायची मुळात हौस नसते. दणका सगळ्यात जास्त पचवतो तो टायर, मग सीटपोस्ट आणि सीट. फ्रेमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. किमतीचा क्रम बरोबर उलटा: फ्रेमला लाखो, टायरला हजारो आणि टायरमधल्या हवेला काही नाही.

या बाबतीतला खरा परीक्षक उत्तर फ्रान्समध्ये बसला आहे. पॅरिस–रूबे ही शर्यत १८९६ पासूनची. अडीचशेच्या वर किलोमीटर, त्यातले पन्नासच्या वर ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून. १९९२ साली जिल्बेर द्युक्लो-लासालने पुढच्या फोर्कमध्ये शॉक अॅब्सॉर्बर बसवून ती जिंकली. पुढच्या वर्षी, अडतिसाव्या वर्षी, पुन्हा जिंकली, तीही अवघ्या ८ सेंटीमीटरनी. मग काय, १९९४ मध्ये योहान म्युझेऊ मागेपुढे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घेऊन उतरला. सायकलीनेच दगा दिला. त्यानंतर कंपन्यांनी फ्रेममध्ये रबराचे तुकडे बसवून पाहिले, सीटखालची नळी वरच्या नळीपासून सुटी करून पाहिली. जिंकणाऱ्याला बक्षीस मात्र आजही त्याच रस्त्यातला एक दगड मिळतो. फ्रेंच माणसाच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

या सगळ्या धावपळीत टायर गुपचूप फुगत गेला. एकेकाळी २३ मिलिमीटरचा टायर ११०–१२० पीएसआयपर्यंत भरून अंगठ्याने दाबून पाहणं हा मर्दानी विधी होता. टणक म्हणजे वेगवान! काचेसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर ते ठीक आहे. खडबडीत रस्त्यावर टणक टायर दर खड्यागणिक सायकल आणि स्वार दोघांना वर उचलतो, आणि उचलायची ती ताकद पुढे जाण्यातून वजा होते. आता शर्यतीतले लोकही २८, ३०, ३२ मिलिमीटरचे टायर वापरतात आणि हवा बरीच कमी ठेवतात. वेग कमी झालेला नाही. हवेचा हा गुण बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीवर वापरला, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली.

पुण्यातल्या माझ्या एका मित्राने खास आरामासाठी बनवलेली कार्बन फ्रेम घेतली आहे. गाडीच्या किमतीची. हायवेवरच्या रम्बलर पट्ट्यांवरून जाताना त्याचं बोलणं अजूनही तुकड्यातुकड्यांत ऐकू येतं, कारण टायर तो दगडासारखे भरतो. त्याला म्हटलं, अरे, जरा हवा कमी करून बघ ना.

"मग एवढ्या महागाची फ्रेम काय करेल?" तो म्हणाला.