तलवाड्याहून मीटिंगला जाण्याबाबत

प्रति,
‘जवळच्या मीटिंगला जा’ असे सांगणारे सर्व सल्लागार

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडलेल्यांनी आणि सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली चळवळ आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पुरते पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ती उभी राहिली. तिच्या मीटिंगला फी नसते, उपदेश नसतो. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट.

इथवर सल्लागारांचे सारे बरोबर आहे. पंचाईत होते ती डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीपाशी. एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून तलवाड्याला परतलेल्या गृहस्थाच्या कार्डावर गोळ्यांची नावे होती, त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर हेही होते. खाली निळ्या शाईत लिहिले होते : जवळच्या ए.ए. मीटिंगला नियमित जाणे. कुठल्या गावी, कोणत्या वारी, किती वाजता, याचा पत्ता नाही. बायकोने विचारले तेव्हा ‘मोबाइलवर बघा, सापडेल’ असे उत्तर मिळाले.

तलवाडा हे गेवराई तालुक्यातील त्वरिता देवीचे गाव. मोबाइलने गेवराई दाखवले काय किंवा बीड दाखवले काय, जायचे एसटीनेच. मीटिंग सहसा संध्याकाळी भरते आणि तास-दीड तास चालते. ती संपेपर्यंत परतीच्या गाडीचा भरवसा उरत नाही. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला रात्रीच्या वेळी, खिशात भाड्याचे पैसे घेऊन, स्टँडवर ताटकळत ठेवणे ही ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी कितवी पायरी, याचा खुलासा सल्लागारांनी करावा.

पण अंतर एकवेळ परवडले. खरी मेख गुप्ततेत आहे. ए.ए.मध्ये नाव बाहेर जात नाही आणि पुण्या-मुंबईत हा नियम चोख चालतो, कारण तिथे जिना चढणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. खेड्यात गोष्ट उलटी असते. पिणारा सगळ्यांना ठाऊक असतो. तो पारावर पितो, गटारीत पडतो, पोरे त्याला उचलून घरी नेतात आणि यात कोणाला काही लपवण्यासारखे वाटत नाही. लपवावे लागते ते सोडणे. ‘किती दिवस टिकतंय बघू’ म्हणून पैजा लागतात आणि पैज जिंकण्यासाठी ग्लास पुढे करणारेही भेटतात. म्हणूनच गावाकडे कित्येक जण तुळशीची माळ घालतात. माळ गळ्यात दिसते आणि माळकऱ्याला आग्रह करायला पिणारेही कचरतात. मीटिंगने जे झाकून ठेवायचे तेच माळ उघडपणे सांगते आणि त्यातच तिचे बळ आहे. सल्लागारांच्या छापील कागदात तिला रकाना नाही.

दिवाळीच्या सुमारास तर ‘नियमित’ची चेष्टाच होते. बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा पिऊन कोपीत पडला तरी उचल फिटायचीच असते, मग त्याच्या वाट्याच्या मोळ्याही तिलाच बांधाव्या लागतात. त्या फडावर जवळची मीटिंग कोणती?

पिणाऱ्याची मात्र कुठेच अशी आबाळ होत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो आणि देशीचा एक दिवसाचा परवाना २ रुपयांना ठरलेला आहे. दुकानाला पाटी असते, उघडण्याची वेळ ठरलेली असते. राज्याचे व्यसनमुक्ती धोरण २०११ मध्ये आले. एवढी वर्षे झाली, तरी दारूचा पत्ता शेंबडे पोरही सांगते आणि ती सोडायची जागा बाईने दारोदार विचारत शोधायची! लाज कोणाला वाटायला हवी?

हेही सांगायला हवे की सल्ला देणाऱ्यांतला मीटिंग चालवणारा स्वतःच दारूतून सुटलेला असतो. पगार नाही, नाव नाही. दिवसभराचे काम आटोपून तो खोली उघडतो, खुर्च्या मांडतो, चहा ठेवतो आणि एखाद्या दिवशी कोणीच येत नाही. तरी पुढच्या आठवड्यात तो पुन्हा कुलूप काढतो. त्याच्यावर राग धरवत नाही.

तेव्हा कार्डावर पुढील दुरुस्ती व्हावी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कापरे, भास, फिट येऊ शकतात. म्हणून आधी दवाखाना, मग मीटिंग, हा क्रम ठळक लिहावा. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६ हे क्रमांक छापावेत. मीटिंगचे गाव, वार, वेळ आणि परतीची शेवटची गाडी लिहावी. हंगामासाठी कारखान्याच्या गावची मीटिंगही लिहावी. आणि दारू सोडू पाहणारे दोघे एकत्र बसले तरी ए.ए.चा गट होतो, हे तर आवर्जून लिहावे. ज्याला तलवाड्यात दुसरा माणूस हवा आहे, त्याला तो गाठून देण्यासाठी सल्लागारांनी एकदा दिवसाउजेडी एसटीने यावे.

कळावे.