चार टीबीची वाटणी: पहाडावरच्या खातेदारांसाठी सूचना

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 मध्ये जमिनीच्या वाटणीची तरतूद आहे. हार्ड डिस्कच्या वाटणीबाबत मात्र संहितेने मौन बाळगलं आहे. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने पुढील सूचना प्रसृत करण्यात येत आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर ज्यांच्याकडे पंधरा वर्षांचा संगणक आहे, तो अजून सुरू होतो, आणि ज्यांनी हौसेने चार टीबीची कोरी डिस्क आणून त्यात बसवली आहे, अशा सर्व खातेदारांना त्या लागू राहतील. असल्या संगणकाला विंडोज 11 दारात उभं करत नाही आणि विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. तेव्हा लिनक्स. जुनी 320 जीबीची डिस्क मात्र काढून फेकू नये. तिचं काम पुढे आहे.

वाटणीआधी मोजणी. खोक्यावर चार टीबी छापलेलं असतं आणि पडद्यावर 3.6 दिसतं, म्हणून दुकानदाराशी भांडायला पहाड उतरण्याचं कारण नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक 1,024 च्या. एकराचा आकडा हेक्टरमध्ये वाचला की जमीन घटल्यासारखी वाटते. बांध असतो तिथेच असतो.

दुसरं म्हणजे, मोजतोय ती जमीन आपलीच आहे ना, हे बघणं. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी येते: एसडीए, एसडीबी, एसडीसी. यातली जुनी कोणती, नवी कोणती आणि लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह कोणता, हे नावावरून ठरवू नका, आकारावरून ठरवा. ही नावं पक्की नसतात. आजची एसडीए उद्या केबल बदलली की एसडीबी होऊ शकते. म्हणून प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि एफएसटॅब या फायलीत तोच लिहायचा असतो. वहिवाटदार कोणी का असेना, गट नंबर बदलत नाही.

आता दप्तराकडे वळू. इथे अर्जदाराने थोडा धीर धरावा, कारण दप्तर जुनं आहे. राजुरा तालुका, ज्यातून पुढे जिवती निघाली, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मग तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला. निजामी अमलातला कागद शोधायला गेलं तर तो उर्दूत निघतो आणि वाचणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात होते. हार्ड डिस्कचं निजामी दप्तर म्हणजे एमबीआर. 1983 साली पीसी डॉस 2.0 बरोबर आलेली ही पद्धत. तिच्यात मुख्य हिस्से फक्त चार. पाचवा वारस उभा राहिला तर चारांपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात हिस्से पाडायचे. पोटहिस्स्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात, वरचे चार भरलेले असोत की नसोत. का, ते विचारू नये. दप्तर आहे.

पण या दप्तराची खरी अडचण वेगळीच. त्यातल्या रकान्यात 32 बिटांचाच आकडा मावतो. 512 बाइटांचा एक सेक्टर धरला तर 2.2 टीबीच्या पुढची जमीन त्याला लिहिताच येत नाही. चार टीबीच्या डिस्कवर एमबीआर टाकलं तर 1.8 टीबी पडीक राहते. ती आहे, तिचे पैसे दिलेत, पण सातबाऱ्यावर नाही. या परिस्थितीचा पहाडावरच्या माणसाला वेगळा परिचय करून देण्याची गरज नाही.

म्हणून नवी नोंदवही घ्यायची: जीपीटी. तिचा रकाना 64 बिटांचा, साधारणपणे 128 हिस्स्यांची जागा, आणि मुख्य म्हणजे तिची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी आपोआप ठेवली जाते. तहसीलमध्ये पाणी शिरलं तरी जिल्ह्याला प्रत आहे, अशी ही सोय. मात्र तुमच्या संगणकात जुना बायोस असेल तर डिस्कच्या सुरुवातीला एक एमबीचा एक तुकडा सोडावा लागतो. त्याला 'बायोस बूट' म्हणतात. त्याला ना फाइल सिस्टिम, ना तिथे कोणाची फाइल. संगणक सुरू करणारा ग्रब आपला पसारा तिथे मांडतो. एवढा चिमूटभर तुकडा कशाला, म्हणून लोक तो वगळतात आणि ग्रब बसता बसत नाही. एक एमबीचा रस्ता सोडा.

पाठोपाठ लगेच रूट, म्हणजे सिस्टिम जिथे राहते तो हिस्सा. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या बायोसला लांबचं दिसत नाही. काहींची नजर 137 जीबीपर्यंत, काहींची दोन टीबीच्या आसपास. ग्रब फायली वाचतो तो बायोसच्याच डोळ्यांनी. एकदा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत चढला की तो स्वतः डिस्कशी बोलतो, बायोसला कोणी विचारत नाही. म्हणजे कर्नलची फाइल नजरेच्या टप्प्यात असली की झालं. रूट सुरुवातीला ठेवा, 40-50 जीबीचा. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की लागणारी जागा, चार जीबी. संगणक झोपवून, म्हणजे हायबरनेट करून ठेवायचा असेल तर स्वॅप रॅमएवढा. बाकी सगळं होम, म्हणजे तुमच्या फायलींचं घर.

इथे अर्जदार म्हणतो, फोटोंना वेगळा हिस्सा हवा, पिक्चरला वेगळा, लेकराच्या अभ्यासाला वेगळा, आणि 'इतर' म्हणून एक. अशांनी 1947 चा तुकडेबंदी कायदा वाचावा. तुकडे इतके बारीक होऊ नयेत की त्यात पीक घेणं परवडू नये, म्हणून तो केला. वर्षभरात पिक्चरचा हिस्सा तुडुंब भरतो, अभ्यासाचा रिकामा पडून राहतो आणि मधला बांध हलवायला रात्रभर डेटा सरकवावा लागतो. त्यासाठी फोल्डर नावाची सोय उपलब्ध आहे. ती मोफत आहे.

होम तयार झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसेल. एक्स्ट4 ही फाइल सिस्टिम प्रत्येक हिस्स्यातले पाच टक्के रूट या खात्यासाठी, म्हणजे मूळ मालकासाठी राखून ठेवते. छोट्या डिस्कवर ते जाणवत नाही. चार टीबीवर ते जवळपास 200 जीबी होतं. सिस्टिम ज्या हिस्स्यात आहे तिथे ही राखीव जागा शहाणपणाची, कारण डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणेला हालचालीपुरती जागा उरते. होमवर तिचं फारसं काम नाही. जमीन समोर दिसते, पण वापरायला जावं तर कळतं की ती राखीव आहे. ट्यून2एफएस या आज्ञेला एक टक्क्याचा आकडा दिला की हे राखीव वन बहुतेक जागच्या जागी उठतं; अर्ज, पंचनामा, केंद्राची मंजुरी काही लागत नाही. पहाडावरच्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी ही आज्ञा चालत नाही. त्यांची वाट बघण्यात काहींनी पिढ्या घालवल्या आहेत.

आता त्या जुन्या डिस्कचं काम. बायोसवाल्या संगणकात विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही, लिनक्स होतो. ज्यांना एखाद्या सॉफ्टवेअरपायी विंडोज सोडवत नाही, त्यांनी ते जुन्या 320 जीबीवर राहू द्यावं आणि ग्रबच्या यादीत दोन्ही नावं ठेवावीत. एका यंत्रावर दोन सरकारं चालवण्याच्या या प्रकाराला ड्युअल बूट म्हणतात आणि शहरातली मुलं त्याला घाबरतात. त्यांनी परमडोली, मुकदमगुडा, अंतापूरला येऊन बघावं. सीमेवरच्या अशा चौदा गावांवर महाराष्ट्राने जिवती तालुक्यातून आणि आधी आंध्र, मग तेलंगणाने केरामेरी मंडलातून वर्षानुवर्षं कारभार केला आहे. दोन रेशनकार्डं, दोन मतदार याद्या, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन सरपंच. वाद कोर्टात गेला, गावं चालत राहिली. दोन सिस्टिमांचं कसं जमवावं यावर याहून अनुभवी माणसं महाराष्ट्रात मिळणार नाहीत.

ड्युअल बूटमध्ये भांडण होतं ते घड्याळावरून. विंडोज संगणकाच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक. एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ साडेपाच तास हुकतं. टाइमडेटसीटीएल वापरून लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं. सरकारं एवढी समजूतदार नसतात.

शेवटी फेरफार. एफडिस्कमध्ये तुम्ही कितीही हिस्से पाडा, खोडा, पुन्हा पाडा. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काही उमटत नाही. मन बदललं तर क्यू दाबून उठावं. जीपार्टेडही 'अप्लाय' म्हणेपर्यंत नुसतं कच्चं टिपण करतं. पार्टेड मात्र तसं नाही. तिथे आज्ञा दिली की त्याच क्षणी नोंद मंजूर, हरकतीला मुदत नाही. दोघांची नावं सारखी वाटतात म्हणून हे सांगितलं. भरलेल्या हिस्स्याचा आकार बदलताना लाइन गेली तर डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. पावसाळ्यात पहाडावर हे काम इन्व्हर्टरशिवाय काढू नये. आणि फोटो, दाखले, जमिनीचे स्कॅन केलेले कागद यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. दुसऱ्या पार्टिशनवर घेतलेली प्रत ही प्रत नव्हे, डिस्क गेली की दोन्ही जातात.

एवढं करूनही चुकीच्या डिस्कवर डब्ल्यू दाबला गेलाच, तर टेस्टडिस्क नावाचं मोफत साधन हरवलेल्या बांधांच्या खुणा शोधून पुष्कळदा जुनी वाटणी परत उभी करतं. अट एकच: मधल्या काळात त्या डिस्कवर काही लिहू नका, फॉरमॅट करू नका, लिनक्स पुन्हा टाकून बघू नका. नवी नोंद पडली की अपील फेटाळलं जातं.