हौशी कोंबडीपालन : लक्षणे, पूर्वपीठिका आणि जमाखर्च

परसातील कुक्कुटपालन या संज्ञेने शेतीविषयक पुस्तिकांत जो जोडधंदा अभिप्रेत असतो, त्यात दहा-वीस कोंबड्या अंगणात मोकळ्या सोडाव्यात, खरकटे, सांडलेले धान्य आणि किडामुंगी यांवर त्यांनी आपले पोट भरावे आणि अंड्यांच्या विक्रीतून घरातल्या बाईच्या हाती चार पैसे यावेत, अशी साधी व्यवस्था सांगितलेली असते. हौशी कोंबडीपालन हा याच धंद्याचा फाटा असून त्यात पैसा उलट्या दिशेने वाहतो. पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान वसलेले पिंपळवंडी हे गाव या प्रकाराच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे. कारण कुकडीच्या पाण्यावर ऊस, कांदा आणि टोमॅटो घेणाऱ्या या पट्ट्यात प्रत्येक जिनसाला भाव असतो, तो उजाडताच सर्वांना ठाऊक होतो, आणि ज्या जिनसाला भाव नाही तो शहाण्या माणसाने दारात का बाळगावा, याचा जाब त्याला चारचौघांत द्यावा लागतो. पुण्यात राहणाऱ्या माणसाला ‘आवड आहे’ एवढे म्हणून सुटता येते. जुन्नर तालुक्यात ही सवलत नाही; येथे हौसेला धंद्याचा सदरा चढवल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, आणि पुढील सर्व विवेचन या सदऱ्याच्या शिलाईचेच आहे.

हौशी माणसाच्या खुराड्यातील पक्ष्यांवरून त्याची हौस कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखता येते. प्रारंभी गावठी कोंबड्या असतात आणि त्या बहुधा आईने किंवा आजीने राखलेल्या असतात. नंतर ‘सुधारित’ जाती येतात, म्हणजे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतून आलेली वनराजा. दिसायला गावठी, वजनाला आणि अंड्यांना सरस, अशी त्यांची ख्याती असल्याने येथपर्यंत घरच्यांची हरकत नसते. तिसऱ्या अवस्थेत कडकनाथ येतो. चौथ्या अवस्थेत ज्यांना बाजारात ‘फॅन्सी’ म्हणतात ते पक्षी येतात : पिसांऐवजी कापूस पिंजून लावल्यासारखी दिसणारी सिल्की, डोक्यावरच्या पिसांच्या झुपक्यामुळे समोरचे काही न दिसणारी पोलिश, आणि पायांच्या नखांपर्यंत पिसे असलेला, पाच किलोंच्या घरात जाणारा ब्रह्मा. या चौथ्या अवस्थेतून कोणी परत आल्याचे सहसा आढळत नाही. ब्रह्म्याची निपज शांघायहून अमेरिकेत गेलेल्या पक्ष्यांपासून झाली आणि त्याला नाव मिळाले ते ब्रह्मपुत्रेवरून, त्यामुळे तो पिंपळवंडीत विलायती म्हणून येत असला तरी हाक मारायला घरचाच वाटतो. मात्र त्याच्या पायांची ती पिसे पिंपळवंडीच्या काळ्या मातीला डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली नसल्याने, श्रावणातल्या पहिल्या झडीनंतर त्याच्या दोन्ही पायांना लिंबाएवढे चिखलाचे गोळे लोंबतात, आणि ते कोमट पाण्यात भिजवून बोटांनी सोडवण्याचे काम सायंकाळी, गुरांच्या धारा निघण्याच्या वेळेला, म्हणजे घरात माणसांची सर्वाधिक गरज असते तेव्हा, करावे लागते.

या वेडाला इतिहास आहे आणि तो पुष्कळ उद्बोधक आहे. १८४९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील बोस्टन येथे कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले, त्यात हजारांहून अधिक पक्षी होते आणि बघ्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली. त्यानंतर पाच-सहा वर्षे तेथे एका जोडीसाठी चांगल्या घोड्याची किंमत मोजणारी माणसे निघाली. या काळाला पुढे ‘कोंबडीज्वर’ म्हटले गेले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या पक्षिविक्रेत्याने १८५२ मध्ये आपल्या काही करड्या कोंबड्या खुद्द व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या, राणीने बदल्यात आपली तसबीर पाठवली, आणि त्या तसबिरीच्या जोरावर त्याच्या मालाचा भाव आणखी चढला; ज्वर ओसरल्यावर १८५५ मध्ये याच गृहस्थाने गिऱ्हाइकांची थट्टा करणारे विनोदी पुस्तक लिहून तेही विकले. महाराष्ट्राने या इतिहासाची उजळणी कडकनाथाच्या निमित्ताने केली. काळी कातडी, काळे मांस आणि काळी हाडे असलेल्या या पक्ष्याला झाबुआ जिल्ह्याच्या नावे २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या औषधी गुणांच्या कथा पानटपरीपर्यंत पोहोचल्या, आणि पिल्ले घ्या, अंडी व पक्षी चढ्या भावाने परत विकत घेऊ, अशा बोलीवर सांगली जिल्ह्यातून चालवलेल्या योजनेचा २०१९ मध्ये बोजवारा उडून हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्या फसवणुकीत हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते ज्यांनी कडकनाथ केवळ हौसेने घेतला त्यांच्या दारचे, कारण तेथे येणारा प्रत्येक पाहुणा अंडेही काळेच असणार या खात्रीने आलेला असतो, आणि फिकट बदामी रंगाचे चारचौघांसारखे अंडे हाती पडताच मालकालाच कोणीतरी गंडवले असावे अशा सहानुभूतीने त्याच्याकडे पाहतो.

आता वहीकडे वळणे प्राप्त आहे. प्रत्येक हौशी कोंबडीपालकाकडे एक वही असते. ती बहुधा मुलाच्या शाळेतली अर्धी उरलेली असते, आणि तिच्यात डाव्या पानावर खर्च व उजव्या पानावर उत्पन्न मांडलेले असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने डावे पान निर्विवाद आहे. मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे तिला कोंडून ठेवून विकतचे खाद्य घातले तर वर्षाला चाळीस किलोंच्या आसपास लागते. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी त्या मोबदल्यात तीनशेहून अधिक अंडी देते, गावठी कोंबडी साठ-सत्तर देऊन थांबते, आणि या भागाकाराने गावठीच्या एका अंड्यामागे सहाशे ग्रॅम खाद्य पडते. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज अंड्याचा भाव जाहीर करते, तो या वहीत कोठेही आढळत नाही, कारण तो लिहिला तर वही तेथेच मिटावी लागेल. म्हणून सर्व प्रतिभा उजव्या पानावर खर्च होते. तेथे घरी खाल्लेली अंडी पुण्यातल्या ‘अस्सल गावठी’ अंड्यांच्या दराने जमा असतात. कोंबडखताची किंमत युरियाच्या गोणीशी ताडून लावलेली असते. कोंबड्यांनी वेचून खाल्लेल्या गोचिडांमुळे वाचलेला औषधाचा खर्च हाही उत्पन्न म्हणून येतो. याच कोंबड्यांनी नर्सरीतून आणलेली टोमॅटोची रोपे एका दुपारी उकरून काढली, ही नोंद वहीत नसते, परंतु ती मालकिणीला तारखेसह पाठ असते.

वहीतील ‘औषध’ हे सदर स्वतंत्र विचाराला पात्र आहे. मानमोडी, म्हणजे ज्या रोगात कोंबडीची मान पिळवटते आणि ज्याला उत्तराखंडातील गावावरून राणीखेत म्हणतात, तो एकदा शिरला की खुराडे रिकामे करूनच जातो, आणि त्यावर उपाय लसीखेरीज नाही. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकपुडीत लसीचा एक थेंब सोडायचा असतो, ही कृती अगदी सोपी. अडचण अशी की लसीची लहानातली लहान कुपी सहसा शंभर मात्रांची येते, ती बर्फात ठेवून आणावी लागते, एकदा पातळ केली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, आणि हौशी माणसाकडे पिल्ले असतात नऊ. उरलेल्या एक्क्याण्णव थेंबांचा विचार त्याला बेचैन करतो. तो मळ्यामळ्यांत फोन करतो; पिशव्यांतून, डालग्यांतून, एकदोन ओढणीच्या झोळीतून पिल्ले जमतात; चहाचे आधण चढते; आणि जिला कोंबड्यांचा उभा तिटकारा आहे अशी शेजारीणही, फुकट जाण्यापेक्षा बरे, म्हणून आपली एकुलती एक तलंग, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, काखेत मारून येते. सार्वजनिक आरोग्याचे एवढे कार्य हातून घडत असता वहीत मात्र लस, बर्फ आणि चहापत्ती एवढेच उरते.

खुराड्याविषयी थोडक्यात. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, पिलांना तेथेच वाढवतो, आणि त्यापायी या भागाने माणसे गमावली आहेत, त्यामुळे येथे रात्रीच्या बंदोबस्तावर विनोद करण्याची रीत नाही. मुंगूस, रानमांजर आणि घार यांच्यापुरते पाहिले तर मात्र एवढे नमूद करता येईल की खाली सिमेंटचा कोबा, भोवती दुहेरी जाळी, वर पत्रा आणि दाराला दोन कड्या अशी जी वास्तू उभी राहते, तिच्या शेजारी मालकाचे स्वतःचे न्हाणीघर अनेकदा गळके असते.

या वास्तूत जे राज्य चालते त्याचा शास्त्रीय अभ्यास नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्देरूप-एब्बे यांनी केला आणि १९२१-२२ च्या सुमारास असे दाखवून दिले की कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याचा पक्का क्रम ठरलेला असतो. ज्या भागात लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून भावकीत दोन-दोन वर्षे अबोला टिकतो, तेथे या शोधाचे कोणाला नवल वाटलेले दिसत नाही. जपानातील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबडे सतत अंधूक उजेडात ठेवून पाहिले, तेव्हा बाहेरचा उजेड दिसत नसतानाही ते आपल्या आतल्या घड्याळाबरहुकूम पहाटेपूर्वी आरवत राहिले. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही हे मराठी माणूस पूर्वीच जाणून होता, पण झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही ही भर जपानची. २०१५ मध्ये त्याच संशोधकांना असे दिसले की पहिली बांग मानाच्या कोंबड्याची असते आणि बाकीचे उतरत्या क्रमाने मागून आरवतात. हौशी माणूस हे शेजाऱ्याला समजावून सांगतो. रात्रपाळीच्या विजेवर कांद्याला पाणी भरून साडेतीनला अंथरुणाला पाठ टेकलेला शेजारी चौथ्या मानकऱ्यापर्यंत सर्व बांगा मोजून उठतो आणि शास्त्राविषयी प्रतिकूल मत बनवतो.

हौसेचा कळस म्हणजे प्रदर्शन. अमेरिकेत १८७४ पासून प्रत्येक जातीची आदर्श लक्षणे छापलेली आहेत, त्यांत तुऱ्याचे दाते, कानाच्या पाळीचा रंग, शेपटीचा कोन यांना वेगवेगळे गुण असतात. तामिळनाडूत दिंडीगुलच्या बाजूला पोपटासारखी चोच आणि लांब शेपटी असलेल्या असीलांची प्रदर्शने भरतात, आणि असील ही मुळात झुंजीची जात असून झुंजींना कायद्याने मनाई असल्याने तिच्या दिमाखाला ही वाट चांगली मिळाली आहे. पिंपळवंडीकराला जवळचे ठिकाण म्हणजे नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांची कृषी प्रदर्शने. आदल्या रात्री तीन घमेली मांडली जातात : पहिल्यात शॅम्पूचे कोमट पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात व्हिनेगरचा थेंब, कोंबडा पहिल्या घमेल्यात थोडा फडफडतो आणि मग उबेने मान टाकून चक्क डुलक्या घेऊ लागतो, त्या अवस्थेत जुन्या टूथब्रशने त्याची नखे घासली जातात, तुऱ्याला खोबरेल लागते, आणि सुनेचे केस वाळवण्याचे यंत्र तिच्या परवानगीची वाट न पाहता चालू होते. ओट्यावर बसलेल्या आजी हे सर्व पाहून, “आरं, नवरदेवाला तरी एवढं घासत्यात का?” असे विचारतात, त्याला उत्तर मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यापुढे गर्दी लोटते. मालक तुऱ्याच्या सहा सारख्या दात्यांविषयी बोलण्यास उत्सुक असतो, लोक दोनच प्रश्न विचारतात, “भरंल किती?” आणि “कशी किलो दिली?” यांत लोकांची चूक आहे असे म्हणता येत नाही. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाच्या दातांपासून वशिंडापर्यंत बारकाईने पाहणारी, म्हणजे सौंदर्याची उत्तम जाण असलेली हीच माणसे आहेत. कोंबडीपुढे आल्यावर मात्र त्यांना रस्सा दिसतो.

आणि रस्सा हा प्रश्न दरवर्षी आखाडात उभा राहतो. आखाड म्हणजे आषाढ. श्रावण लागण्यापूर्वी सामिष खाणे उरकून घेण्याचा हा महिना असल्याने तेव्हा पाहुणे येतात, विशेषतः दाजी येतात, आणि बहिणीचा नवरा या नात्याचा मान मोठा असल्याने त्यांना वरणभातावर वाटेला लावता येत नाही. दाजी अंगणात खाटेवर बसून ब्रह्म्याकडे पाहतात. मालकाला ती नजर कळते. मग तो, हा अजून कोवळा आहे, हा औषधावर आहे, ही खुडूक आहे (म्हणजे अंडी देणे थांबवून उबवणीच्या ध्यासाने ठाण मांडून बसलेली आहे), आणि ती काळी मुलीच्या नावची आहे, अशी प्रत्येक पक्ष्याची कैफियत मांडतो, दाजींना चहा देऊन पुढच्या दारी बसवतो, मागच्या दाराने मोटारसायकल काढतो, आणि आळेफाट्याहून दोन किलो ब्रॉयलर घेऊन येतो. हा खर्च घरखर्चात धरावा की कोंबडीपालनात, याविषयी पतिपत्नींत मतभेद असतात. वहीत तो ‘खाद्य’ या सदराखाली सापडतो.