बदलीकर

आमच्या जळगावच्या कॉलनीत दर तीन-चार वर्षांनी एक नवं बिऱ्हाड येतं. दारावरच्या पाटीवर कधी जोशी लिहिलेलं असतं, कधी कांबळे, कधी शिर्के. कॉलनीच्या लेखी त्या सगळ्यांचं आडनाव एकच: बदलीकर. खातं कुठलंही चालतं. बँक, विमा, आयकर, पाटबंधारे. माणूस पुण्याचा नाहीतर ठाण्याचा असतो आणि 'सध्या जळगावला असतो' हे फोनवर सांगताना 'सध्या'वर असा काही जोर देतो की पलीकडच्याला वाटावं, याची सुटका उद्या सकाळीच व्हायची आहे.

माझा मावसभाऊ धुळ्याला देवपुरात राहतो. त्याच्या वरच्या मजल्यावरही एक बदलीकर आहेत. आम्ही दोघं फोनवर अधूनमधून टिपणं ताडून पाहतो. अजून तरी दोन नमुन्यांत स्कूटरच्या रंगापलीकडे फरक सापडलेला नाही.

पहिलं वर्ष बदलीकर नुसतं सोसतात. शेवभाजीची तर्री पाहून आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढतात. दूधवाल्याने 'काय करी राह्यना भाऊ?' म्हटलं की आपल्याला काही लागट बोलला का, याचा दिवसभर विचार करतात. एप्रिल उजाडला की कूलर आणतात. कूलरचं गवत दरवर्षी बदलायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पारा चव्वेचाळिसाला टेकला की बायकोमुलांना पुण्याला पोचवून येतात आणि संध्याकाळी गॅलरीत ओला पंचा खांद्यावर टाकून एकटेच उभे राहतात. आम्ही खालून विचारतो, "काय साहेब, गरम होतंय का?" हा प्रश्न आम्ही मुद्दामच विचारतो.

दुसऱ्या वर्षी मात्र माणूस पार बदलतो. याचं कारण हवामान नाही, अन्नपाणीही नाही. माझ्या निरीक्षणाप्रमाणे त्याचं कारण म्हणजे साडू. पुण्यातल्या कुठल्यातरी लग्नात मठ्ठ्याचा पेला हातात धरून साडू सहज विचारतो, "अजून जळगावलाच का हो? काही भानगड वगैरे झाली होती का?" पंगत ऐकत असते. बदलीची शिक्षा होते हे सगळ्यांना ठाऊक, आपली बदली शिक्षेची नव्हती हे एकट्या बदलीकरांना ठाऊक! त्या मठ्ठ्याच्या साक्षीने ते खानदेशचं वकीलपत्र घेतात.

परत येतात ते 'आपल्या खानदेशात' असं म्हणतच. बाजारातून पांढरा बागायती रुमाल आणतात आणि तो स्कूटरवर डोक्याला गुंडाळतात. रविवारी नकाशा पसरतात. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ साली झाले, हे आम्हाला येऊन सांगतात. आम्ही मान हलवतो. नंदुरबार धुळ्यातून १९९८ साली निघालं तेवढं आम्हाला माहीत असतं, कारण तेव्हा आमच्या शेजाऱ्याची तिकडे नेमणूक झाली होती. खरं सांगायचं तर 'तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?' असं कोणी विचारलं तर अस्सल जळगावकराचं उत्तर ठरलेलं असतं: "इथं काय आहे भो? अजिंठा बघा, नाहीतर शेगाव करून या." एक ठिकाण संभाजीनगर जिल्ह्यातलं, दुसरं बुलढाण्यातलं. मे महिन्यात आम्ही स्वतः पुण्याला जातो.

आणि नेमके तेव्हाच बदलीकर पुण्याच्या माणसांना इकडे बोलावतात. शाळांना सुट्टी मेमध्येच असते, हा त्यांचा नाइलाज. पण फोनवर नाइलाज दिसू देत नाहीत. "कोरडी हवा आहे हो, घाम येत नाही," असं सांगतात. यात खोटं काही नाही. घाम बाहेर येण्याआधीच सुकतो.

महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून साडू, मेहुणी, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई उतरतात. पाहुण्यांच्या डोक्यात एकच ठिकाण असतं: अजिंठा. जळगाव स्टेशनापासून साठेक किलोमीटर. जगभरची माणसं याच स्टेशनावर उतरून लेण्यांना जातात. बदलीकरांच्या यादीत मात्र अजिंठा नसतो. "ते सगळेच बघतात," ते म्हणतात, "आणि तसं पाहिलं तर ते आपल्या जिल्ह्यात येत नाही." दोन वर्षांपूर्वी ज्याला जिल्ह्यातून पळायचं होतं, त्याला आता जिल्ह्याची हद्द ओलांडवत नाही.

पहिला दिवस धुळ्याचा. पहाटे साडेपाचला निघायचं ठरतं आणि साडेनवाला निघतात, कारण साडूंना पोट साफ झाल्याशिवाय प्रवास चालत नाही. गाडीत मला घेतात. 'लोकल माणूस बरोबर असावा' हे त्यांचं धोरण. मी रस्ता पानटपरीवर विचारतो, ते नकाशावर पाहतात आणि नकाशा बरोबर निघतो. लळिंगच्या किल्ल्याखाली गाडी थांबते तेव्हा साडेअकरा झालेले असतात. मुंबई-आग्रा रस्ता नुसता वितळत असतो. बाबासाहेब आंबेडकर ज्या लांडोर बंगल्यात उतरले होते तो इथलाच, हे बदलीकर सांगतात. किल्ला साडू गाडीच्या काचेतून बघतात आणि छान आहे म्हणतात.

धुळ्यात बदलीकर खरे खुलतात. समर्थ वाग्देवता मंदिरातल्या हस्तलिखितांबद्दल ते असं बोलतात की वाटावं, रामदासांनी यांच्याच हाती ठेवायला दिली होती. मग राजवाडे संशोधन मंदिर. "इतिहासाचार्य राजवाडे," ते साडूंकडे रोखून पाहत म्हणतात, "पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं त्यांनी, १९१० साली. आणि नंतर पुणं सोडलं. १९२६ च्या ३१ डिसेंबरला गेले ते इथे, धुळ्यात. स्वखुशीने आले होते. बदली होऊन नव्हे." साडू चष्मा पुसतात.

तुरुंगाच्या भिंतीजवळ आणखी एक डाव. "विनोबांची गीताप्रवचनं इथलीच. १९३२. फेब्रुवारीत सुरू केली, जूनमध्ये संपवली. दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी उतरवून घ्यायचे. विचार करा, धुळ्याच्या उन्हाळ्यात अठरा अध्याय!"

"श्रोत्यांना उठून जायची सोय नव्हती ना पण," साडू म्हणतात. म्हणताना ते आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन मुलांच्या मधोमध बसलेले असतात.

अमळनेरला बदलीकर निर्विवाद जिंकतात. साने गुरुजींची शाळा आणि १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, हे साडू सहन करतात. पण त्यांचा पुतण्या हिंजवडीला विप्रोत आहे आणि त्याचं पॅकेज त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितलेलं असतं. बदलीकर गाडी थांबवायला लावतात. "विप्रो इथली. १९४५. वनस्पती तुपाचा कारखाना." साडू बराच वेळ बाहेर बघत राहतात. त्यानंतर पुतण्याचा विषय निघत नाही.

चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी नेणं हे प्रत्येक बदलीकराचं व्रत आहे. मोठा छायाचित्रकार. जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही अशी ख्याती. मुंबईची कोणी प्रेयसी पंजाब मेलने येईल म्हणून रोज रात्री वाट बघायचा आणि १९८९ मध्ये वाट बघतच गेला. ही हकिकत सांगताना बदलीकरांचा आवाज ओला होतो. वहिनी आणि मेहुणी पदर डोळ्यांना लावतात. साडू तेवढे भिंतीच्या सावलीत सरकत विचारतात, "पन्नास वर्षं बाहेरच पडला नाही? या गावात? शहाणा माणूस!" तिथून पाटणादेवीला जाताना भास्कराचार्यांचा विषय निघतो. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख पाटण्याला आहे. धाकट्याला गणितात नुकतेच अडतीस मिळालेले असतात, त्यामुळे तो गाडीतून उतरतच नाही.

या सगळ्या दौऱ्यात बदलीकरांच्या हाती जे लागत नाही ते वहिनींच्या हाती न मागता लागतं. आमच्या कॉलनीत मे महिन्याची पहाट बिबड्यांची असते. ज्वारी भिजवून, कुटून, तिचा मोठ्या पातेल्यात घाटा शिजतो. त्यात लसूण, मिरची, तीळ. गच्चीवर ओलं धोतर अंथरून बायका हात पाण्यात बुडवत तो थापतात. उजाडायच्या आत संपवावं लागतं, नाहीतर गच्ची पायाला चटके देते. पहिल्या दिवशी पुण्याच्या मेहुणीबाई नुसत्या बघायला वर येतात. दुसऱ्या दिवशी साडीचा पदर खोचून बसतात. तिसऱ्या दिवशी माझ्या आईच्या थापण्यात पातळ-जाड झालं म्हणून सांगतात. सासूबाईंना खुर्ची दिलेली असते, कावळे हाकायला. मुलं वाटीत गरम घाटा घेऊन वर कच्चं तेल ओतून खातात आणि घरी वरणभाताला नाकं मुरडणारा धाकटा तिसरी वाटी मागतो. खाली बदलीकर गाडी सुरू करून हॉर्न वाजवत असतात. "ऊन चढतंय! पद्मालयाचं तळं राहील!" वरून कोणीतरी ओरडतं, "कमळं काय पळून जाऊन राह्यली का साहेब?"

आखाजी त्या सुमाराला आली असेल तर विचारायलाच नको. अक्षय तृतीयेला बाकी महाराष्ट्र सोनं घेतो. आमच्याकडेही सराफ बाजार भरतो, पण खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, पितरांची घागर भरलेली असते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. मेहुणीबाईंना बायका झोक्यावर बसवतात आणि विचारतात, "तुमचं माहेर कोणतं बाई?" त्या म्हणतात, "सदाशिव पेठ." बायका एकमेकींकडे बघतात आणि झोका जरा जास्तच जोरात देतात. बदलीकर तेव्हा साडूंना घागरीचा सामाजिक अर्थ समजावत असतात. साडू तिसऱ्या पुरणपोळीवर असतात. त्यांचं एका शब्दाकडेही लक्ष नसतं आणि आठवड्यात पहिल्यांदाच ते सुखी दिसतात.

फैजपूर-सावद्याकडचा दिवस असाच चुकून चांगला जातो. बदलीकरांना दाखवायचं असतं काँग्रेसचं अधिवेशन. म्हणजे ते जिथे भरलं ती जागा. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू.

"महिना कोणता?" साडू विचारतात.

"डिसेंबर."

"नेहरूंना कळत होतं."

पण परतताना कोणाच्या तरी ओळखीने सगळे केळीच्या बागेत शिरतात. बाहेर रस्त्यावर माणूस नाही आणि आत हिरवा अंधार. पाट भरलेला, पानावर पान, जमीन ओली. बाहेरच्या उन्हाचा इथे पत्ताच नाही. मुलं चिखलात लोळतात. मालक घडावरचं केळं देत नाही, "हे दिल्लीला जाईल, तुम्ही झाडावर पिकलेलं खा," म्हणून वेगळं आणून देतो. साडू बांधावर आडवे होतात आणि घोरतात. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे बदलीकर सांगतात, पण ऐकायला मी एकटाच जागा असतो. भरीत थंडीतलं, वांगं मेमध्ये तसं मिळत नाही, याचं त्यांना मनापासून दुःख आहे. तरी त्या रात्री ते भरीत करवतातच, आणि आग्रह करताना "हे खरं भरीत नव्हे" असं प्रत्येकाला सांगतात.

शेवटच्या रात्री बंड होतं. साडू जेवणाच्या पानावर जाहीर करतात: उद्या अजिंठा. परवाची गाडी आहे. पुण्यात लोक विचारतील, अजिंठा पाहिला का. तुमचा लळिंग कोणी विचारणार नाही. मेहुणी मान हलवते. सासूबाई, ज्या आठवडाभर काही बोललेल्या नसतात, त्या म्हणतात, "मलाही लेणी बघायची आहेत." बदलीकरांचा चेहरा पडतो. ते माझ्याकडे बघतात. मी वरणबट्टीत तूप जिरवत असतो, मला खाली बघणं सोयीचं जातं.

मग त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडते.

"उद्या वार कोणता?"

"सोमवार."

"सोमवारी लेणी बंद असतात," बदलीकर म्हणतात. प्रमोशनची ऑर्डर वाचावी त्या स्वरात. कोणी काही बोलायच्या आत पुढचं येतं: "म्हणजे उनपदेव होऊन जाईल!"

उनपदेव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून इथे झरा काढला अशी कथा आहे. गोमुखातून पाणी येतं. ते पाणी गरम असतं. बारा महिने गरम असतं. ही बाब बदलीकर आठवडाभर राखून ठेवत आलेले असतात.

विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली तेव्हा दहा वाजले होते. अडावदला पोचलो तेव्हा वाऱ्याच्या झळा काचेवर आपटत होत्या. गाडीतून झऱ्यापर्यंत चालताना मुलांनी एकदाही भांडण केलं नाही, इतकी ती वाळली होती. सासूबाईंनी लांबूनच नमस्कार केला. साडू मात्र पुढे झाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वाकले आणि गोमुखाखाली हात धरला. लगेच मागे घेतला.

"गरम आहे," ते म्हणाले.

बदलीकरांनी बागायती रुमालाने कपाळ पुसलं आणि आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी म्हटलं नव्हतं?"