तुलनात्मक निबंध कसा तपासावा?

(डहाणू-तलासरी भागात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी)

तुलनात्मक निबंध लिहायला मुलाला चाळीस मिनिटं लागतात, तपासायला आपल्याला चार. मधली छत्तीस मिनिटं वाचतात ती केवळ शास्त्रशुद्ध पद्धतीमुळे. ही पद्धत मी पंधरा वर्षं एका निवासी आश्रमशाळेत वापरली आहे. तिथे दोन्ही तालुक्यांतली मुलं येतात, त्यामुळे ती चांगली घासूनपुसून झाली आहे.

१. आधी नमुना उत्तर, मग निबंध

साहित्य: लाल पेन (दोन, एक ऐन वेळी संपतं), पेपरांचा गठ्ठा, चहा आणि नमुना उत्तर. नमुना उत्तर शाईने लिहून लॅमिनेट करून घ्यावं, म्हणजे त्यावर चहा आणि शंका दोन्ही सांडल्या तरी पुसता येतात.

माझं नमुना उत्तर असं. विषय: डहाणू आणि तलासरी. डहाणूला समुद्र, तलासरीला डोंगर. डहाणूला रेल्वे, २०१३ पासून लोकलसुद्धा. तलासरीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. डहाणूला घोलवडचा चिकू, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. तलासरीला इतिहास, १९४५च्या वारली उठावाचा, झरी गावचा. साम्य: जिल्हा पालघर, स्थापना १ ऑगस्ट २०१४. समारोप: दोन्ही तालुके म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू.

इतकं रेखीव उत्तर हाताशी असलं की निबंध वाचावा लागत नाही, ताडून पाहिला की झालं. चारोटीच्या एका मुलाने लिहिलं होतं, 'महामार्ग डहाणू तालुक्यातूनपण जातो, आमच्या दारावरून.' दार नमुना उत्तरात नाही. अर्धा गुण कापावा.

२. गुणदान

एकूण दहा. प्रस्तावना दोन, साम्य तीन, भेद तीन, समारोप एक, हस्ताक्षर एक. 'मला काय वाटलं' याला गुण नाहीत. ते मुलाने घरी वाटून घ्यावं.

३. शिरोरेषा

सीमेवरच्या गावांतली काही मुलं दोन-तीन वर्षं पलीकडच्या गुजराती शाळेत काढून येतात आणि मराठी अक्षरांना शिरोरेषा देत नाहीत. गुजराती लिपीला ती नसतेच. 'घर आणि शाळा' हा अख्खा निबंध छप्पर उडालेल्या शब्दांत लिहिलेला मी पाहिला आहे. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. ती रेषा ओढताना या मुलाच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. शिरोरेषा मात्र नातवानेच ओढली पाहिजे. हस्ताक्षराचा एक गुण कापावा.

४. समारोप पाठ्यपुस्तकाला धरून आहे का?

तुलनेत शेवटी कोण श्रेष्ठ हे आधीच ठरलेलं असतं. 'कुडाचे घर आणि पक्के घर' या विषयात पक्कं घर जिंकतं. ते मजबूत असतं, पावसात गळत नाही, त्याला पाहुणे येतात.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि या विषयाचा विचका झाला. एका मुलाने लिहिलं, 'पक्के घर हलले तर तडा जातो. कुडाचे घर हलले तर फक्त हलते. आम्ही दोन्ही घरांतून बाहेर येऊन झोपलो. बाहेर थंडी होती.'

तपासणीच्या दृष्टीने यात तीन दोष आहेत. कुडाचं घर जिंकलं. नंतर दोन्ही घरं हरली. आणि 'बाहेर' ही तिसरी वस्तू तुलनेत आली, जी प्रश्नात नव्हती. समारोपाचा गुण शून्य. त्या रात्री आपणही अंगणात गादी टाकली होती, ही गोष्ट गुणदानाच्या वेळी आठवू नये.

५. अपूर्ण निबंध

'खेडे आणि शहर' हा विषय शक्यतो दिवाळीआधी संपवावा. दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतात. आईबाप वीटभट्टीवर निघतात, कुणाचे वडील खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांकडे जातात आणि ज्यांना मागे सांभाळायला कुणी नाही ती पोरंही सोबत जातात. मग वहीत 'खेडे' एवढा भाग राहतो आणि 'शहर' या शब्दाखाली कोरी ओळ. मूल तो भाग प्रत्यक्ष करायला गेलेलं असतं.

अशा वेळी मागोमाग जाऊन उरलेला निबंध तोंडी घ्यावा, असा मोह होतो. मोहाला या भागात परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि तिला 'कुरणशाळा' म्हटलं. पण त्यांच्याकडे तपासायला इतके पेपर नव्हते, असं मानून आपण शेरा लिहावा: 'अपूर्ण. मुद्दे वाढवा.'

६. वर्णनात्मक नोंद

प्रत्येक मुलाविषयी स्वतंत्र नोंद करायची असते. त्यासाठी सहा वाक्यं पुरतात. ती आळीपाळीने वापरावीत. 'निरीक्षण चांगले आहे' हे वाक्य सर्वांत उपयोगी. निरीक्षण चांगलं असलेल्या मुलाचे गुण आपण नुकतेच कापलेले असतात, त्यामुळे हिशेब बरोबर होतो.

७. हरकत आल्यास

पेपर वाटल्यावर मुलं सहसा एकूण गुण पाहतात आणि पेपर दप्तरात कोंबतात. कधीतरी एखादी मुलगी टेबलाशी येऊन उभी राहते. माझ्याकडे आली ती झाईची होती.

"सर, इथं फुली मारलीय."

तिने लिहिलं होतं, 'डहाणूला समुद्र आहे आणि तलासरीलापण थोडासा आहे.'

"अगं, तलासरीला कुठला समुद्र?"

"झाईला आहे ना, सर. आमच्या घरामागेच."

"झाई डहाणूत येतं."

"नाही सर. जातीचा दाखला काढायला बाबा तलासरीलाच गेले होते. दोन खेपा झाल्या."

मी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे गेलो. तलासरी तालुक्याचं एक चिंचोळं टोक पश्चिमेला सरकत सरकत पाण्यापर्यंत पोचलं होतं. पंधरा वर्षं तो नकाशा माझ्या पाठीमागे होता.

अशा प्रसंगी शिक्षकापुढे तीन मार्ग असतात. पहिला, पूर्ण गुण देणं. पण मग मागच्या पंधरा वर्षांच्या झाईकरांचं काय? दुसरा, नमुना उत्तर कायम ठेवून समुद्र हटवणं. वाढवणला बंदरासाठी भराव घालायचं ठरलंच आहे, त्यात चार डंपर जास्तीचे. तिसरा, फुलीवर फुली मारणं. मी तिसरा स्वीकारला. फुलीवर फुली मारली की चांदणी दिसते. मुलगी खूश झाली, मीही दुरुस्तीतून सुटलो.

त्या दिवसापासून पद्धतीत एकच बदल केला आहे. नमुना उत्तर लॅमिनेट करत नाही, पेन्सिलीने लिहितो. खोडरबर लागतो तेव्हा वर्गातल्या मुलांकडे मागावा, त्यांच्याकडे असतो.