गुंता खाली, बिघाड वर

शिवताना कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याची गुंतवळ झाली, की आमच्या घरातला प्रत्येक माणूस वाकतो. सरकती पट्टी बाजूला होते, बॉबिनची डबी बाहेर येते आणि तिच्यावरचा इवलासा स्क्रू पिळायला सुरुवात होते. पिळणारा कोण, याला महत्त्व नसतं. एकदा पत्र द्यायला आलेल्या पोस्टमननेही हात धुऊन घेतले.

मशीन आजीचं. पायडलचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी बोटांनी पुसली गेलेलं. त्याच्या शिलाईपेक्षा त्याच्या आजारपणावरच घरात जास्त तज्ज्ञ तयार झाले.

खरं तर गुंता खाली दिसला तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. सुई दोरा घेऊन खाली जाते, वर निघताना बारीकसा फास सोडते. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि मग वरची दांडी उरलेला दोरा खेचून घेते. पण वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलाच नसेल, तर दांडीने कितीही खेचलं तरी फास खालीच लोंबतात. आणि दोरा बसत का नाही? तर ओवताना दाबाचा पाय खाली असतो म्हणून. पाय उचलला की चकत्या सैल होतात, दोरा आत सरकतो. एवढंच. पण एवढ्यावर भागलं, तर पिळायला काय उरणार?

आमच्या राधानगरीजवळच फेजिवड्याला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आहे. त्याचे सात दरवाजे तलाव भरला की आपसूक उघडतात, पाणी उतरलं की आपसूक मिटतात. कुणी पिळत नाही. इतका उत्तम धडा उशाशी असून राधानगरीत एकही स्क्रू सुखाने नांदू शकत नाही.

तशी या मशीनची कुळकथा जुनी. सुईच्या टोकाला भोक ठेवून दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियस हौने १८४६ साली घेतलं, आयझॅक सिंगरने १८५१ साली. त्याच्याही आधी पॅरिसमध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने मशीनं बसवली होती, ती इतर शिंप्यांनी १८३१ साली फोडून टाकली. पोटावर पाय येईल, अशी त्यांना भीती होती म्हणतात. मला वाटतं, त्यांतल्या एकाला तरी खालचा गुंता सोडवायला बसवलं असणार.

टाके सुटायला लागले की मात्र आधी सुई बघावी. बोथट झालेली, किंचित वाकलेली किंवा चपटी बाजू भलतीकडे करून बसवलेली सुई हमखास टाके सोडते. पातळ कापडाला अकरा नंबर, रोजच्याला चौदा, जीन्सला अठरा. आमच्या आत्त्याला हे हिशोब मान्य नाहीत. "अजून मोडली न्हाई की, बदलायची कशाला?" असं म्हणून तिने एकाच सुईवर परकराचे घेर आणि पोत्याची तोंडं शिवली आहेत.

आत्त्याचं खरं प्रेम खोबरेलवर. पावसाळ्यात इथे भिंतींना ओल सुटते, मशीन जड चालतं आणि आत्त्या बाटली घेऊन येते. "नुसतं कोरडं पडलंय बघ त्ये!" पण मशीन म्हणजे टाळू नव्हे. खोबरेल थंडीत गोठतं, जुनं झालं की चिकट होऊन बसतं आणि एक दिवस चाक हलेनासं होतं. मग रॉकेल घालून सगळं चिकट सोडवा, पुसा, मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडा आणि आधी चिंधीवर चालवा, नाहीतर पहिला डाग नव्या झंपरवर.

यंदा ऐन आषाढात हे सगळं एकदम झालं. चाक घट्ट, टाके सुटलेले, खाली गुंतवळ. बाजारातला कारागीर भिजत आला. त्याने रॉकेलने मशीन धुतलं, सुई बदलली, दाबाचा पाय उचलून दोरा ओवला. मग डबी दोऱ्याला लोंबती धरून हलका झटका दिला. ती जराशी उतरली आणि थांबली. "डबी बरोबर हाय. हिला कोण हात लावू नगा," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो गेल्यावर प्रत्येकाने एकदा झटका देऊन बघितला.

आता टीप सरळ पडते. आत्त्याने त्याचं सगळं श्रेय खोबरेलला दिलंय आणि बाटली पुन्हा मशीनच्या खणात ठेवली आहे.