पेटीच्या तोंडी कसं जावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पहिली सूचना: घाई करावी. 2011 सालच्या ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेममध्ये जो सेन्स फोर्ट्रेसपर्यंत पोचला, त्याने आता थांबून विचार करणं शोभत नाही. जगाच्या दोन टोकांना असलेल्या दोन घंटा वाजवल्याशिवाय या गढीचं दार उघडत नाही. आत शिरल्यावर अरुंद पुलांवर झुलणारी पाती, उतारावरून गडगडत येणारे दगडी गोळे आणि पाय पडताच बाण सोडणारी फरशी. एवढं सगळं सोसून तुम्ही एका खोलीत डोकावता आणि समोर पेटी. आजूबाजूला शत्रू नाही, सापळा नाही. आपल्या कष्टांची कुणीतरी दखल घेतली, अशी भावना या क्षणी मनात येऊ द्यावी. ती फार वेळ टिकत नाही.

आता पेटीच्या बरोबर समोर उभं राहावं आणि बटण दाबावं. नायक वाकेल. झाकण उघडेल. आत सोनं नसून दात आहेत, हे लक्षात येईपर्यंत दोन लांब हात बाहेर येऊन त्याला उचलतात आणि तोंडात घालतात. या वेळी कंट्रोलरवरची सगळी बटणं एकदम दाबायची प्रथा आहे. नवशिक्याची तब्येत तोळामासा असेल, तर त्यात काम तमाम होतं. ज्याने गढीत येण्याआधी जीव जरा वाढवून घेतला आहे, तो जमिनीवर फेकला जातो आणि त्याला पुढचं दृश्य बघायला मिळतं: पेटी उठून उभी राहते. खाली चक्क माणसासारखं अंग, काटकुळे लांब पाय आणि धडावर डोक्याच्या जागी पेटी, तिच्यातून जीभ लोंबतेय. हे ध्यान झोकांड्या खात तुमच्याकडे येतं आणि लाथ मारतं. लाथ चांगलीच लागते.

मेल्यावर गमावलेले सगळे सोल्स, म्हणजे या खेळातलं चलन, त्या खोलीतच पडून राहतात. ते आणायला पुन्हा पाती, पुन्हा गोळे, पुन्हा बाण. खोलीत यावं तर पेटी जागच्या जागी, बंद, साळसूद, आणि तिच्यासमोर तुमचीच कमाई हिरवट उजेडात चमकतेय. पंचनामा करायला आलेल्या शिपायाच्या नजरेने आता त्या पेटीकडे बघावं. बाजूला एक छोटी साखळी आहे. साध्या पेटीची साखळी मागच्या बाजूला वळलेली असते. हिची सरळ पुढे, तुमच्या दिशेने आलेली. म्हणजे पुरावा पहिल्यापासून डोळ्यांसमोर लटकत होता. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांना निर्दयी म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा नीट बघावी. 2016 च्या तिसऱ्या भागात तर पेटी टक लावून पाहिली की श्वास घेतानाही दिसते. तरीही त्या भागाच्या सुरुवातीलाच, हाय वॉल ऑफ लॉथ्रिकवर, माणसं रांगेने तिच्या तोंडी जातात.

ओळख पटल्यावर दोन मार्ग. पहिला तलवारीचा: बंद असतानाच हाणायला सुरुवात करावी, उठली की भोवती फिरत राहावं, समोर उभं राहू नये. दुसरा भल्या माणसांचा: लॉइड्स टॅलिसमन फेकावा. ही वस्तू मुळात अनडेड लोकांची एस्टस नावाचं पेय पिऊन बरं होण्याची सोय बंद पाडण्यासाठी केलेली. या दातवाल्या पेटीवर, म्हणजे मिमिकवर, पडली की पेटीला झोप लागते. मग तोंडात हात घालून माल काढून घ्यावा. सेन्स फोर्ट्रेसमधली पेटी लाइटनिंग स्पिअर देते. खेळाच्या त्या टप्प्यावर असा भाला हाती येणं म्हणजे चैन, आणि गढीतल्या साध्या पेट्या एवढ्या उदार नाहीत. दात असलेल्या पेटीतच चांगला माल असतो, ही या खेळातली खरी बदमाशी आहे.

नशीब जोरावर असेल, तर मिमिककडून सिम्बल ऑफ ॲव्हरिस मिळतं. हे तिचंच डोकं, शिरस्त्राण म्हणून घालायचं. घातल्यावर सोल्स जास्त मिळतात, वस्तू जास्त सापडतात आणि जीव मात्र थेंबाथेंबाने गळत राहतो. नवशिक्यांनी ते घालून आरशासमोर जाऊ नये.

थोडा इतिहास, परीक्षेला येत नाही तरी. ही जात 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी जन्माला घातली. तिथली मिमिक लाकूड आणि दगडाची नक्कल करते, दारही होते, आणि जो हात लावेल त्याला चिकटवून ठेवते. त्यांतल्या आकाराने लहान मिमिक हुशार असतात, बोलतात, आणि खायला दिलं तर स्नेहाने वागून आसपासची खबरही देतात. पुढच्या खेळांनी ही खिलवून माहिती काढायची सोय का टाकून दिली, कळत नाही. 1988 च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’ने पिरॅमिडमध्ये माणूसखाऊ पेट्या मांडल्या आणि पुढच्या टप्प्यांवर मृत्यूमंत्र म्हणणारी मिमिक आणली. तिथे साखळीबिखळी काही नाही. पेटी ओळखायचा मंत्र शिकून घ्या, नाहीतर जीव मुठीत धरून उघडा. ‘फ्रीरेन’ या मांगामधल्या चेटकिणीला तसा मंत्र येतो, तो 99 टक्के अचूक आहे, आणि ती उरलेल्या 1 टक्क्याच्या भरवशावर डोकं आत घालते. दर वेळी तिचे पाय बाहेर हलत असतात. हजार वर्षं जगूनही तिची नवशिकेपणाची ओढ सुटत नाही, म्हणून ती मला आवडते.

एवढं वाचून जो हुशार झाला, तो यापुढे प्रत्येक पेटीला आधी तलवारीचा एक फटका देतो. पहिल्या आणि तिसऱ्या भागात ही सवय उत्तम. ‘डार्क सोल्स 2’मध्ये मात्र लाकडी पेटी फटक्याने फुटते आणि आतल्या मालाचा कचरा होतो. लोभी माणूस तिथे वाचतो, संशयी नागवला जातो. मियाझाकींच्याच ‘एल्डन रिंग’ या खेळात मिमिक पेट्या ठेवल्याच नाहीत. तिथे ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरात एक पेटी आहे. तिला कितीही हाणलं तरी ती हूं की चूं करत नाही, आणि उघडली की धूर येऊन तुम्हाला थेट दूरच्या सेलियाच्या खाणीत नेऊन सोडते. तिथून पायी बाहेर पडायचं आहे, तेव्हा जाण्याआधी क्रिमझन टिअर्सच्या सुरया भरून घ्या.